आठवा हिस्सा

दीडशे पौंड.
संत्र्याच्या मुरंब्याच्या छत्तीस बरण्या, जुन्या कोटांचा सेल,
विल्फ ग्रीनवुडने विकलेलं वडिलांचं घड्याळ,
असं मिळून उमेदवाराची अनामत.
पडलेल्या मतांचा आठवा हिस्सा मिळाला तर परत,
नाही तर सरकारजमा.
चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत सरकारजमा.
ऑक्टोबरात पुन्हा.
दोन्ही नोंदी माझ्याच अक्षरात आहेत.

टॉडमॉर्डनला आले नवऱ्याच्या नोकरीमागे,
आणि पक्षात आले ती एका तुंबलेल्या गटारामुळे.
लाल पक्षाचा माणूस म्हणाला, बघू.
निळ्याचा म्हणाला, ते नेमकं कुणाच्या हद्दीत येतं?
विल्फ आला तो लांब काठ्या घेऊनच.
संध्याकाळभर कोपरापर्यंत हात घालून बसला,
मग साबण मागितला, मग चहा,
आणि निघताना म्हणाला,
मिसेस उपासनी, तुमचं अक्षर कसं आहे?

चॅपेलच्या मागच्या खोलीत सभासद चार,
पाचवी खुर्ची मोडकी.
भिंतीवर त्याच्या आजोबांचा फोटो, पिळदार मिशा,
मागे गिरणीच्या कामगारांची न संपणारी रांग.
तेव्हा आम्ही तिसरे नव्हतो, विल्फ सांगे,
तेव्हा देश आम्ही चालवत होतो.
मग युद्ध. मग आपसातली भांडणं.
अर्धे डावीकडे गेले, अर्धे उजवीकडे,
आणि उरलेले खासदार एका टॅक्सीत मावतील
असा विनोद लोक करू लागले.
डोरीन क्रॅबट्री हसत नसे.
टॅक्सी आहे ना, म्हणे, मग पेट्रोलचं बघा.

आमच्यात म्हणतात, तीन तिघाडा, काम बिघाडा.
हे मी त्यांना बारा वर्षं सांगितलं नाही.

बारा वर्षं डोरीनच्या गॅरेजात सायक्लोस्टाईलची शाई,
पत्रकं दुमडून चपटी झालेली नखं,
टपालफटीतले ब्रश, ब्रशामागचे कुत्रे.
बसथांब्याला छप्पर. कालव्यालगत एक दिवा.
एवढ्याशा गोष्टी, पण त्यांखाली आमचं नाव.
पत्रकावर तीन खांबांचा आलेख मी काढायची:
आमचा खांब जरा उंच,
पट्टी जरा तिरकी,
देव मला क्षमा करो.
मतमोजणीला आमचा गठ्ठा आधी एका भाकरीएवढा,
मग चार भाकऱ्यांची चळत,
मग एका मे महिन्यात पहाटे पावणेतीनला,
तिसऱ्या फेरमोजणीनंतर,
नऊ मतांनी विल्फ नगरसेवक.
तो खुर्चीवर उभा राहिला. मोडक्याच.
त्या रात्री मी ती म्हण सांगितली.
इतका हसला की खाली यावं लागलं.

दोन हजार दहाला लंडनमध्ये आमच्या माणसांना सत्ता मिळाली.
विल्फ तोवर गेला होता, बरंच झालं म्हणायचं.
कॉलेजच्या फीचं वचन मोडलं,
आणि ज्यांच्या गटारात त्याने हात घातला होता
त्यांची नातवंडं दार उघडत,
माझ्या कोटावरचा केशरी बिल्ला बघत,
आणि काही न बोलता लावून घेत.
मला शिव्या चालल्या असत्या.
नऊ मतांनी आलेली जागा नऊशेंनी गेली.
चॅपेलच्या त्या खोलीत आता योगाचे वर्ग भरतात;
एकदा डोकावले. श्वास चुकीचा शिकवतात.

परवा इमोजेन टॅटरसॉल नावाची पोरगी आली,
तेवीस वर्षांची, फोनमध्ये खड्ड्यांचे चाळीस फोटो.
प्रत्येक खड्ड्यात रबरी बदक ठेवून काढलेले.
म्हणाली, उभं राहायचंय, पण आपण तिसरेच येणार ना?
मी म्हटलं, चौथे.
आता चौथा, पाचवाही असतो.

वही तिच्यापुढे ठेवली.
चौऱ्याहत्तरच्या पानावर ती बराच वेळ थांबली.
अनामत आता पाचशे पौंड,
विसावा हिस्सा मिळाला तरी परत देतात.

मुरंबा चुलीवर आहे.
संत्री यंदा फार महाग.